दोन-दहाची बांगडी

त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचं कारण तयार असायचं.

शर्टाच्या खिशात पेनामागे मोगऱ्याचं फूल कशाला? तर द्राक्षांच्या पेट्यांत सल्फरचे कागद घालतात, त्यांचा वास नाकात बसतो, त्यावर उतारा. डोळ्यांत काजळाची बारीक रेघ कशाला? उन्हात बागा हिंडून डोळे चुरचुरतात. घड्याळ बायकी, लहान तबकडीचं, आणि तेही मनगटाच्या आतल्या बाजूला? घड हातात धरला तरी वेळ दिसते, खाली ठेवावा लागत नाही. छत्री जांभळ्या फुलांची? बहिणीची चुकून आली. ही चूक सलग तीन उन्हाळे होत राहिली. त्यांना बहीण नव्हतीच, हे मला फार उशिरा कळलं.

ही कारणं त्या इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगायच्या, की ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलायची. आमच्या मालकांनी तर घड्याळाचं कारण ऐकून स्वतःचं घड्याळही आठवडाभर उलटं बांधलं होतं.

तेव्हा आम्ही सगळे त्यांना 'सर' म्हणायचो. आज त्या बाई म्हणून उघडपणे राहतात, म्हणून इथे मी पहिल्यापासून तसंच लिहितो आहे. त्यांचं जुनं नाव लिहिण्याचा मला अधिकार नाही, आणि नवं नाव घेण्याइतका मी त्यांचा कोणी नाही.

दिंडोरी रस्त्याला द्राक्षं परदेशी पाठवणारं एक पॅकहाऊस आहे. तिथे त्या क्वालिटी बघायच्या आणि मी स्वच्छता. म्हणजे त्यांच्या वाट्याला द्राक्षं आणि माझ्या वाट्याला नखं. सीझनला शंभरेक बायका कामाला यायच्या. सकाळी आत जाण्याआधी त्या माझ्यासमोर रांगेत उभ्या राहायच्या, हात पुढे करून, आधी पालथे, मग उताणे. नखं कापलेली हवीत, टिकली नको, अंगठी नको, बांगडी तर नकोच. काचेचा एक तुकडा पेटीत गेला तर अख्खा कंटेनर परत येतो. मी रजिस्टरमध्ये टिक करायचो. बायका माझ्यासमोर शाळेतल्या मुलींसारख्या गप्प उभ्या राहायच्या आणि मला ते आवडायचं. हेही लिहूनच टाकतो.

त्यांची माल बघायची रीत वेगळी होती. शेतकरी घडाच्या खांद्याचा टपोरा मणी तोडून पुढे करायचा. त्या तो हसून घ्यायच्या आणि खिशात टाकायच्या. मग घड उचलून त्याच्या अगदी खालच्या टोकाचा, सगळ्यात बारका मणी तोंडात घालायच्या. डोळे मिटायच्या. साखर मोजायचं यंत्र गळ्यात असायचं, पण ते शेतकऱ्याची खात्री पटावी म्हणून. "शेंड्याचा मणी सगळ्यात शेवटी पिकतो," त्या म्हणायच्या. "तो गोड झाला की घड गोड. खांद्याचं काय, खांदे सगळेच मिरवतात."

आता बांगड्यांचं सांगतो, कारण सगळं तिथेच आहे.

नियम आला तेव्हा पहिल्याच दिवशी निम्म्या बायका परत निघाल्या होत्या. नवरा जिवंत असताना हात मोकळे ठेवून दिवसभर राहायचं, हे त्यांना जमणारं नव्हतं. मी प्लॅस्टिकचं एक खोकं ठेवलं आणि सांगितलं, सगळ्यांनी यात काढून ठेवा. संध्याकाळी कोणत्या बांगड्या कोणाच्या हे कळेना, पंधरा-वीस पिचलेल्या निघाल्या, आणि सुमनबाई म्हणून एक वयस्कर बाई होत्या, त्या माझ्या तोंडावर म्हणाल्या, "साहेब, तुमी नखंच बघा. ह्ये तुमचं काम नाय."

दुसऱ्या दिवशी क्वालिटीच्या केबिनमधून बाहेर येऊन ते काम त्यांनी घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. पुठ्ठ्याची नळकांडी कापून आणली, कासाराकडे असतात तशी. प्रत्येकीच्या बांगड्या वेगळ्या ओवायच्या, त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची, आणि नळकांडी आपल्या केबिनच्या काचेमागे मांडायची. बायकांना आत काम करता करता काचेतून आपल्या बांगड्या दिसायच्या. एवढ्यानेच त्यांचं समाधान झालं. हात मोकळे असले तरी बांगड्या नजरेसमोर होत्या.

आठवड्याभरात त्यांना प्रत्येकीचं माप पाठ झालं. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. संध्याकाळी बायका केबिनपुढे गर्दी करायच्या आणि त्या एकेकीच्या हातात बांगड्या चढवून द्यायच्या, अंगठ्याचा सांधा दाबून, एकही न पिचवता. मी रजिस्टर घेऊन लांब उभा असायचो. हसण्याचा नुसता गलका असायचा. कोणीतरी म्हणायचं, "सर, तुमाला कासाराच्या घरातच जलमाला घालायचं हुतं!" त्या म्हणायच्या, "कासाराच्या घरात कशाला, तुमच्यातच जन्माला आलो असतो तरी चाललं असतं." आणि पुन्हा गलका.

या एका वाक्यात त्या सगळं सांगत होत्या. शंभर बायका ऐकत होत्या. आज मला वाटतं, त्यातल्या बऱ्याचजणींना कळतही होतं.

मला कळत नव्हतं. मला फक्त जळायला होत होतं. एकाच कामावर दोन माणसं, एकाला बायका हात दाखवतात आणि दुसऱ्याच्या हातात हात देतात. ते मला सहन होत नव्हतं.

आम्ही दोघंही नाशिक रोडला राहायचो, मी आमच्या कॉलनीत आणि त्या दोन गल्ल्या सोडून, एका खोलीत, एकट्या. पॅकहाऊसची जीप दोघांना एकाच कोपऱ्यावरून घ्यायची. मला त्या 'तपासणीसाहेब' म्हणायच्या. "काय तपासणीसाहेब, आज किती नखं?" मला ते टोचायचं. त्या चिडवत होत्या, टोचत नव्हत्या, हे आता कळतं.

माझी बायको घरी ब्लाउज शिवते. त्या तिच्याकडे शर्ट घेऊन यायला लागल्या. बाह्या लांब करून हव्या होत्या आणि मनगटाला दोन-दोन बटणं. कारण अर्थातच तयार होतं: बागेत फवारणी चालू असते, औषध अंगाला खाजतं. शर्ट दोन होते, पण येणं आठवड्यातून दोनदा होऊ लागलं. मी पुढच्या खोलीत टीव्हीसमोर बसायचो. आतून मशीनचा आवाज यायचा, मग तो थांबायचा, आणि माझी बायको हसायची. तिला असं खळखळून हसता येतं, हे मला लग्नानंतर सतरा वर्षांनी दुसऱ्या माणसामुळे कळलं.

"एवढं काय चाललं होतं?" मी एकदा विचारलं.

"काही नाही हो. अस्तराच्या कापडाचं बोलत होतो."

"अस्तराच्या कापडात हसण्यासारखं काय असतं?"

"ते तुम्हाला नाही कळायचं," ती म्हणाली आणि दोरा दाताने तोडला.

मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आधी ती त्यांना 'भाऊजी' म्हणायची. भाऊजी चहा घ्या, भाऊजी बसा. कधीपासून कोण जाणे, ते भाऊजी म्हणणं बंद झालं होतं. आता नुसतंच "चहा टाकते हं." बायको जेव्हा परक्या पुरुषाला नात्याने हाक मारणं सोडते तेव्हा नवऱ्याने काय समजायचं? मी समजायचं ते समजलो.

आणि एके दिवशी जीपमध्ये, वरची दांडी धरताना, त्यांच्या बाहीचं एक बटण सुटलं. बाही इंचभर घसरली. आत मनगटाच्या जरा वर सरकवलेली काचेची बांगडी दिसली. एकच. मरून रंग, सोनेरी ठिपके.

संध्याकाळी घरी बायको पोळ्या लाटत होती. पोळपाटावर तिच्या बांगड्या वाजत होत्या. मरून रंग, सोनेरी ठिपके.

मी तिला काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण मी भांडणारा माणूस नाही, नियमाने वागणारा माणूस आहे, आणि नियमाच्या माणसाच्या हातात सूड आला की तो कसा घेतो, ते मी आता सांगणार आहे.

परदेशी खरेदीदारांचा माणूस पाहणीला येणार होता, तो दिवस. सकाळी रांग लागलेली. ऑफिसची माणसं आत जाताना मी कधी तपासत नसे, नुसती सही करून सोडायचो. त्या नेहमीप्रमाणे मोगरा लावून आल्या. मी रजिस्टर मिटलं.

"सर, आज नियम सगळ्यांना. बाही वर करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाच-सहा सेकंद असतील. घाबरलेलं माणूस बघतं तसं नव्हतं ते. दुखावलेलं होतं.

"इथेच, तपासणीसाहेब?"

"इथेच."

शंभर बायका बघत होत्या. त्यांनी एक बटण काढलं, मग दुसरं, आणि बाही वर केली. ट्यूबलाइटखाली ती बांगडी चकाकली. मी एक वाक्य घरून ठरवून आणलं होतं. ते बोललो.

"बांगड्या भरायची एवढी हौस असेल तर घरी बसा."

कोणीही हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील.

सुमनबाई रांगेतून पुढे आल्या. "माझी हाय ती, साहेब. म्याच सरांना दिली ठिवायला. खोक्यात टिचल म्हून हातात घातली त्यांनी."

दुसरी म्हणाली, "हां, सुमनाक्काचीच हाय. म्या बघितलीया देताना."

वाट निघाली होती. नेहमीसारखं एक कारण तयार होतं, आणि ते त्यांना शोधावंही लागलं नव्हतं. त्यांनी फक्त मान हलवायची होती.

"नाही सुमनबाई," त्या म्हणाल्या. "तुम्ही कशाला खोटं बोलता? ती माझीच आहे. मी माझ्यासाठी घातली."

मग बांगडी काढायची वेळ आली, तर ती निघेना. हात मोठा, सांधा रुंद. मी म्हणालो, फोडून टाका. तशी सुमनबाई माझ्याकडे अशा वळल्या की मी एक पाऊल मागे सरलो. बांगडी फोडत नाहीत, निदान अशी नाही. सुमनबाईंनी त्यांना हात धुवायच्या नळापाशी नेलं, मनगटाला साबण लावला, आणि लेकीची काढावी तशी हळूहळू ती बांगडी ओढून काढली. नीट पाण्याने धुतली. सुमनबाईंच्या हातून त्यांनी ती घेतली, माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "घ्या. नोंद करा."

आणि बाही खाली करून, दोन्ही बटणं लावून, आत कामाला गेल्या. दिवसभर त्या पाहुण्याबरोबर फिरल्या, शेंड्याचे मणी चाखले, माल पास करून घेतला. मी रजिस्टरमध्ये काहीच लिहिलं नाही. कोणत्या रकान्यात लिहिणार?

संध्याकाळी मी ती बांगडी बायकोसमोर मशीनवर ठेवली. "ही कोणाची?"

तिने ती ओळखली. चेहरा पडला, पण मला हवा होता तसा नाही. "तुमच्याकडे कशी आली?"

"रांगेत सगळ्यांसमोर काढायला लावली. आधी सांग, तुझी बांगडी त्यांच्या हातात कशी?"

तिने स्वतःचा हात पुढे केला आणि ती बांगडी वरून आत सोडली. ती थेट कोपरापर्यंत गेली आणि तिथे कड्यासारखी लोंबायला लागली.

"माझा हात दोन-चारचा," ती म्हणाली. "ही दोन-दहाची आहे. रोज शंभर हात तपासता, एवढं तरी बघायचंत."

मी बघितलं नव्हतं. खरंच बघितलं नव्हतं.

मग तिने सांगितलं. कासार कॉलनीत आला होता, तिने बांगड्या भरल्या, त्या वेळी त्या शर्ट न्यायला आल्या होत्या आणि नुसत्या बघत उभ्या होत्या. कासार गेल्यावर म्हणाल्या, वहिनी, मला एकच मिळेल का? तिने कासाराला गल्लीच्या टोकावरून परत बोलावलं, सगळ्यात मोठं माप मागितलं आणि स्वयंपाकघरात ती स्वतःच्या हाताने भरली. "डझन घ्या म्हटलं तर नको म्हणाली. एकच म्हणाली. वाजता कामा नये."

"म्हणाली?"

"हो. म्हणाली. दीड वर्ष झालं मला माहीत आहे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही आज काय केलंत, ते बघा ना."

एवढ्यावर तिचं संपलं नव्हतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या आपल्या गावी जाऊन आईला स्वतःच्या तोंडाने सांगणार होत्या. माझी बायको बरोबर जाणार होती. कसं सुरू करायचं, आधी काय बोलायचं, आई रडली तर काय, हे दोघी महिनाभर त्या मशीनपाशी ठरवत होत्या. अस्तराच्या कापडाचं बोलणं ते. कधीकधी ठरवता ठरवता इतकं अवघड व्हायचं, की दोघींना हसू फुटायचं.

आखाजीला अजून पाच आठवडे होते. बातमी पाच दिवसांत गावी पोचली. पॅकहाऊसला माल आणणारा एक टेम्पोवाला त्यांच्याच गावचा होता. आईने वर्षभर फोन घेतला नाही. घरमालकाने खोली सोडायला सांगितली. जीपमध्ये ड्रायव्हर रोज काहीतरी बोलायचा, पुढच्या सीटवर बसलेली माणसं हसायची, आणि मी खिडकीबाहेर बघायचो. सीझन संपला त्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. कोणाला काय आणि कधी सांगायचं, हे त्यांनी ठरवायचं होतं. ते मी, एका रिकाम्या संशयापायी, त्यांच्या हातून काढून घेतलं. साबण न लावता.

इथे मी खोटं बोलू शकलो असतो. लिहू शकलो असतो की सत्य कळल्यावर माझं मन स्वच्छ झालं. तसं झालं नाही. संशय गेला, पण जळणं गेलं नाही. उलट वाढलं. दुसरा पुरुष असता तर निदान भांडता आलं असतं. इथे माझी बायको दीड वर्षं एका माणसाचं सगळ्यात नाजूक गुपित सांभाळत होती, आणि मी त्याच घरात टीव्ही बघत होतो. तिला विश्वासाने काही सांगावं असं माझ्याकडे काहीच नव्हतं. बाहीखाली लपवून जपावं इतकं मला आयुष्यात काही हवंसंच वाटलं नाही, ना बांगडी, ना दुसरं काही. त्या एका बांगडीसाठी त्यांनी केवढी धडपड केली होती! मला त्या धडपडीचाच हेवा वाटत होता, आणि आजही वाटतो.

पुढच्या सीझनला बांगड्यांचं काम मी मागून घेतलं. पुठ्ठ्याची नळकांडी तीच होती. मापं पाठ केली. पण बायका बांगड्या द्यायला तयार होईनात. त्या घरून निघतानाच काढून पदरात बांधून आणायच्या. शेवटी मालकांनी कुलपाचे कप्पे बसवले. सुमनबाई आल्याच नाहीत.

राजीनामा देऊन गेलेल्या त्या आता विंचूरकडे एका वायनरीत द्राक्षं पारखायचं काम करतात आणि गंगापूर रोडला राहतात. कागदपत्रांवर नवं नाव आहे. माझी बायको महिन्यातून एकदा तरी जाते. दोन वर्षांपूर्वी मी बरोबर गेलो. वाटेत माफीची वाक्यं जुळवली होती. त्यांनी ती सगळी ऐकून घेतली. साडी नेसल्या होत्या, साधी, सुती. मोगरा आता खिशात नव्हता, केसांत होता, आणि त्याला कुठलंही कारण नव्हतं.

"तपासणीसाहेब," त्या म्हणाल्या, "खांद्याचे मणी चांगले आहेत तुमचे. शेंड्याचा अजून आंबट आहे." आणि चहा ठेवायला उठल्या.

रागावून नाही म्हणाल्या. माल बघून सांगावं तसं सांगितलं. आणि ते खरं होतं, कारण त्या बोलत असतानाही मी स्वयंपाकघराकडे बघत होतो. तिथे माझी बायको, न विचारता, बरोबर साखरेच्याच डब्याला हात घालत होती.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मुलीचं लग्न झालं. आदल्या दिवशी सकाळी घरात बांगड्या भरायचा कार्यक्रम होता. कासार पुढच्या खोलीत पेट्या मांडून बसला होता. आधी मुलीचा हिरवा चुडा झाला, मग घरातल्या आणि भावकीतल्या बायका एकेक करून बसू लागल्या. मी दारात उभा राहून सरबताची ताटं फिरवत होतो. त्या आल्या. बायकोने बोलावलं होतं, मला विचारलं नव्हतं. भावकीतल्या दोन-तीन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. माझी बहीण मोठ्याने म्हणाली, "ह्या कोण गं वहिनी? कुणाकडच्या?"

उत्तर घरच्या माणसाने द्यायचं असतं. बायको माझ्याकडे बघत होती. मुलगी बघत होती. मी हातातलं ताट खाली ठेवलं.

"आपल्याकडच्या," मी म्हणालो. आवाज फार मोठा आला नाही. म्हणून पुन्हा म्हणालो, "आपल्याच घरच्या आहेत. कासारकाका, त्यांना दोन-दहा लागतील. सांधा दाबून भरा, पिचवू नका."

त्या कासारासमोर बसल्या. ब्लाउजची बाही लांब होती, माझ्याच बायकोने शिवलेली. हात पुढे करण्याआधी त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चेहरा पूर्वीसारखा गंभीर.

"तपासणीसाहेब, बाही वर करू?"

माझ्या बायकोला आधी हसू फुटलं. मग त्यांना. मग मुलीलाही, काय झालं ते न कळता. तेच हसणं, लग्नानंतर सतरा वर्षांनी मी पहिल्यांदा ऐकलं होतं ते. आता माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं, आणि तरी मला वाटलं, मी आताही भिंतीपलीकडेच बसलो आहे. आत कुठेतरी जुनं, आंबट काहीतरी हललं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"अहो," बायको म्हणाली, "दारातून बाजूला व्हा जरा. कासारकाकांना उजेड येत नाही."

मी बाजूला झालो.